पिवळीचा डोळा आणि आमचा हौद

१० एप्रिल २०१३

पिवळीच्या डोळ्यावर फोड आलाय! कालपर्यंत माझ्या तळहातावरचे दाणे टिपत होती. आज पिंजऱ्याच्या कोपऱ्यात फुगून बसली. लव्हबर्डची जोडी ही. निळ्या तिच्याभोवती नुसता चिवचिव करतोय — नवऱ्यांचं जिथंतिथं हेच!

११ एप्रिल

हे दूध सोसायटीचे अध्यक्ष. म्हणून सोसायटीच्या चारा छावणीतला डॉक्टर सगळी गुरं सोडून माझ्या वीतभर पाखरापुढं हजर! म्हणाला, "काकू, मच्छर चावून पाखरांना देवी येतात. जाळी लावा. धूर करू नका, सोसत न्हाई. अन् हौद उपसून कोरडा करा, आत अळ्या वळवळायल्यात." जाताना म्हणाला, "छावणीत एक मच्छर न्हाई बघा. पाणीच न्हाई तिथं!" हे उगीच खोकले.

सासूबाईंनी पिंजऱ्याला कडुलिंबाचा डहाळा बांधला, पुढं दहीभात ठेवला. "देवी हाय, औषध द्यायचं न्हाई!" दहीभात निळ्यानं खाल्ला.

१३ एप्रिल

जाळी आली. मच्छर मारायची रॅकेट आली. सोसायटीचा शिपाई पंडित रॅकेट घेऊन पिंजऱ्यापुढं स्टुलावर बसलाय. पगार सोसायटीचा, पाखरं अध्यक्षांची!

हौदाचं नाव काढलं की मात्र हे अंगावर येतात. "येडी झालीस का? दुष्काळात कुणी पाणी उपसतं का? सिरसाळ्याहून विकत आणतो मी!" ह्यांच्या मोसंबीच्या बागेला जातं ते. वरचं वरचं जातं, तळ कधी उघडा पडत न्हाई.

सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला म्हणे — मच्छर निर्मूलन सप्ताह. कुठं? छावणीत! फोटो बी काढले.

१५ एप्रिल

दुसरा डोळाही मिटला. दाणा दिसेना, मग खाणार काय ती? बोट पुढं केलं तर चोचीनं बोटच चाचपत बसली. लई रडले. मग लई राग आला.

१६ एप्रिल

हे वडवणीला गेलते. छावणीवरच्या भामाबाईला निरोप धाडला — घागरी आणा, जनावरं बी आणा. म्हशींनी तोंडं बुडवली ती वर काढीचनात. दुपारपर्यंत हौद रिकामा. तळाचा गाळ मी स्वतः खरडला.

तेवढ्यात टँकरवाला सटवा फाटकात. "बरं झालं बाई, जागा केली. छावणीची खेप आणलीय. रोजच्यासारखी हितंच वततो."

छावणीची! मग सिरसाळ्याचं विकतचं पाणी? भामाबाई माझ्याकडं बघत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. टँकर छावणीवर पाठवला.

१७ एप्रिल

"घरात साप पाळला मी!" म्हणाले. म्हणलं, साप न्हाई, मच्छर पाळलेत तुमी. बोलणं बंद. पण भामाबाईनं सगळं बघितलंय, म्हणून टँकर आता छावणीवरच जातो.

२० एप्रिल

पिवळीनं एक डोळा उघडला! दाणा उचलला!

२१ एप्रिल

छावणीचं पाणी घरच्या हौदात जातं अशी कुणीतरी तक्रार केली म्हणून तहसीलातनं तपासणीला माणसं आली. बघतात तर हौद कोरडा ठणठणीत, अन् छावणीत म्हशी पाणी पितायत! ह्यांची पाठ थोपटून गेली. आता आदर्श छावणीचा सत्कार हाय म्हणे.

तक्रारीचा फोन मीच केलता. अन् पुरावा बी मीच उपसला!