हाज मुबारककडची फटफटी

आइत मूसा (तारुदांत),
३ ऑक्टोबर १९९३

ती. बेलाईददादास,
कल्तूमचा सलाम वि. वि.

नेहमीप्रमाणे मी बोलतेय आणि फदमा लिहितेय. तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, मजकुराला ठेवायची तर मला ठेव. इकडे सगळे बरे आहेत. बदाम यंदा बरा उतरला. वहिनीच्या गुडघ्यांसाठी आर्गनचं तेल पाठवतेय, ते तू पावाला लावून संपवू नकोस.

फटफटी आली! लाल आहे. तू हातभार लावलास म्हणून आली, हे मी विसरणार नाही. मागच्या पत्रात तू लिहिलंस की एवढा खटाटोप कशाला, फदमाला शाळेसाठी तारुदांतात कुणाच्या तरी घरी ठेवा. दादा, ते परत लिहू नकोस. बाबांनी मला लहानपणी मराकेशला लोकांच्या घरी कामाला ठेवलं होतं. ईदला घरी यायचे तेव्हा आईनं बस म्हटल्याशिवाय मी ताटापाशी बसत नव्हते, आणि तू मला हसायचास. माझी पोर शाळा शिकेल आणि रात्री माझ्या शेजारी झोपेल. त्यासाठी ही फटफटी, नाहीतर आम्हाला काय मिरवायचंय?

तुझे दाजी हाज मुबारकच्या तारुदांतातल्या नव्या शोरूममध्ये गेले ते नेमके शुक्रवारी, नमाज झाल्यावर. हाजनं गाडी दाखवायच्या आधी कुसकुसचं ताट मांडलं. हे भाव करायला तोंड उघडायचे की तो ह्यांच्या पुढ्यात मांसाचा तुकडा सरकवायचा. झालं! सांगेल त्या भावाला गाडी घेऊन आले, वर हाज किती मोठ्या मनाचा म्हणून रात्रभर माझे कान खाल्ले.

आता रडगाणं ऐक. गाडी गार असते तोवर झकास पळते. नाल्यापलीकडचा चढ लागला, इंजिन तापलं, की खोकते आणि बंद पडते. मग किका मारून मारून ह्यांच्या पिंढऱ्या भरून येतात. ढकलत ढकलत पोचतात तोवर शाळेचं फाटक बंद झालेलं असतं. दुकानदाराशी कसं बोलायचं ते तूच शिकव बाबा, तुझ्या दाजींना ते जमत नाही.

सगळ्यांना सलाम. जीव लावतोस तसाच लाव.

तुझी,
कल्तूम

(मामा, मी फाटकाबाहेर बसूनसुद्धा भूगोलाचा धडा पाठ केलाय. हे आईनं सांगितलेलं नाही. फदमा.)


कासाब्लांका,
१७ ऑक्टोबर १९९३

चि. कल्तूमला,
बेलाईददादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी पोट धरून हसली. मला मात्र हसू आलं नाही. अगं, मीसुद्धा दुकानदारच आहे! गिऱ्हाईक तणतणत आलं की मीही आधी स्टूल देतो, मग पाणी, मग चहा. चहा पोटात गेला की त्याचा आवाज निम्मा होतो. तुझ्या हाजनं तर कुसकुस घातलं, म्हणजे मालात किती खोट असेल ते तूच बघ.

दाजींना सांग, घरून पोटभर जेवून जायचं आणि तिथं पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही. उभ्या उभ्या बोलायचं: गाडी बदलून द्या. एकदा माणसाच्या घरचं मीठ खाल्लं की आपल्या लोकांची जीभ टाळ्याला चिकटते, आणि त्याला हे पक्कं ठाऊक आहे. मी आयुष्यभर गल्ल्यावर बसलोय, मला कोण फसवतोय?

फदमाला शाबासकी. तेल पोचलं. पावाला लावलं नाही (फारसं).

तुझा,
दादा


आइत मूसा,
२१ नोव्हेंबर १९९३

ती. दादास,
सलाम वि. वि.

तुझी शिकवणी वाया गेली. हे गेले. हाजच्या मेकॅनिकनं गाडी गावकुसाभोवती फिरवून आणली आणि ती काय पळाली म्हणून सांगू! सासरी भांडणारी सून माहेरच्या माणसांपुढे कशी गोड वागते, तशी ही बया दुकानात शहाणी होते. हाज म्हणाला की इंजिन नवं आहे, जरा लाजतं, महिन्याभरात रुळेल. तोवर बसा, पाव आणि मध तरी घ्या.

दुसऱ्यांदा हे जेवून गेले. जेवलोय म्हणाले. तर हाजनं शपथच घातली की माझ्या दारातून तुम्ही तसेच गेलात तर मला हे अन्न हराम आहे. आता शपथेपुढे काय करणार? तिसऱ्यांदा तर आत बोलावून बायकोच्या, लल्ला अब्बूशच्या, हातचं ताजीन खाऊ घातलं. बाहेरच्या एका मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणतो की आतला भागच खराब आहे, तो कासाब्लांकाच्या मालवाल्याकडूनच यायला हवा, हात लावला तर गॅरंटी जाईल.

मी ह्यांना म्हटलं, कायदकडे, सरकारी अंमलदाराकडे, तक्रार करा. हे मान खाली घालून म्हणाले की एका ताटात चारदा जेवलोय, आता त्याला चारचौघांत खोटा कसा पाडू? दादा, मी चिडले, ओरडले, भांडी आपटली. पण खरं सांगू, ह्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. मीठ खाल्लंय ना.

शाळेच्या निरीक्षकांनी ह्यांना बोलावून सांगितलंय की पोरगी हुशार आहे, पण असंच चाललं तर वसंतात नाव कमी करावं लागेल. फदमा हे लिहिताना नाक ओढतेय. दादा, तू ये. दुकान मावसभावाकडे सोप आणि ये. तू कुणाचं ऐकणारा नाहीस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
कल्तूम


कासाब्लांका,
१९ डिसेंबर १९९३

चि. कल्तूमला,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. बसमध्ये शेजारी एक कोंबडा होता, रात्रभर आरवत होता. इथं थंडी आहे. साखरेचे शंकू महाग झालेत. तुझ्या वहिनीचे गुडघे तेलानं बरे आहेत. पोरांचं बरं चाललंय.

मी हाजकडून परस्पर बस धरली आणि तुझ्याकडे निरोपाला आलो नाही, म्हणून तू रागावली असशील. काय तोंड घेऊन येऊ, सांग.

गेलो तेव्हा मी उभाच होतो. खुर्ची नाकारली, पाणी नाकारलं, चहा नाकारला. दाजी माझ्या बाह्या ओढत होते. मी मोठ्या आवाजात सुरुवात केली. हाजनं शांतपणे ऐकलं, आणि विचारलं की तुम्ही आइत मूसाच्या त्या मल्लेमचे, म्हणजे गवंड्याचे, मुलगे का, ज्यांनी माझ्या वडिलांची विहीर खणली होती? तुमच्या बाबांनी आमच्या ओसरीवर बसून जवाची भाकरी खाल्ली होती. तेवढ्यात लल्ला अब्बूश स्वतः ताट घेऊन बाहेर आली. आईच्या वयाची बाई, तिच्या हातात ताट थरथरत होतं. मी ते धरायला म्हणून हात पुढे केला.

बोकडाचं मांस होतं, आलुबुखार घालून. असं जेवण मी इतक्यात कुठं जेवलो नव्हतो. येताना तिनं दोन बाटल्या तेल दिलं.

मला क्षमा कर. फदमाला माझ्यातर्फे वही घेऊन दे.

तुझा खजील,
दादा


आइत मूसा,
२० फेब्रुवारी १९९४

ती. दादास,
सलाम वि. वि. रमजान मुबारक.

तुझं पत्र वाचून आधी मी तुला काय काय म्हटलं ते फदमानं लिहायला नकार दिलाय. मग मला युक्ती सुचली. तुम्ही पुरुष नुसते अकलेचे कांदे! रमजानात भर दुपारी गेलं तर हाज काय देईल? रोज्यात पाण्याचा थेंबसुद्धा गिळता येत नाही. म्हणून परवा मीच गेले, फदमाला घेऊन.

हाज एकटाच बसला होता, ओठ कोरडे, डोळे आत गेलेले. मी सगळं बोलले, तोंडाला येईल ते. त्याच्याकडे पुढे करायला काहीच नव्हतं. त्यानं उठून मागचा दरवाजा उघडला. आत आपल्यासारख्याच लाल फटफट्या ओळीनं उभ्या होत्या, लोकांनी परत आणून टाकलेल्या. म्हणाला की मुली, मालवाल्याला मी पत्रं लिहून थकलो, माणूस पाठवून थकलो, कुणी उत्तर देत नाही. बदलून द्यायला माझ्याकडे चांगली गाडी नाही, परत घ्यायची ऐपत नाही. दारात आलेल्या माणसाला जेवू घालणं तेवढं माझ्या हातात होतं, ते केलं.

दादा, मी भांडायला गेले होते आणि भांडायला कुणी उरलंच नाही.

निघताना तो म्हणाला की शाळेच्या फाटकासमोरच्याच गल्लीत माझं घर आहे. मुली लग्न होऊन गेल्या, म्हातारी एकटी असते. पोरीला आमच्याकडे राहू दे, नातीसारखी राहील. मी नाही म्हटलं आणि तरातरा चालत बाहेर आले. ईदनंतर नाव कमी होणार आहे. फदमाचा हात इथं थांबलाय. मी म्हटलं लिही. तिला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणते की आई, तू म्हणशील ते.

काय करू, ते लवकर कळव.

तुझी,
कल्तूम


कासाब्लांका,
२ मार्च १९९४

चि. कल्तूमला,
अनेक आशीर्वाद.

मालवाल्याच्या पत्त्यावर स्वतः जाऊन आलो. शटर खाली होतं. शेजारचा टायरवाला म्हणाला की ते लोक कधीच गेले. हाज खोटं बोलत नाही.

पोरीला तिथं ठेव. मी त्या घरी जेवलोय, म्हणून सांगतो. माणसं चांगली आहेत. तुझं मराकेशचं घर वेगळं होतं. आणि मी तेव्हा हसलो होतो ते आठवून आता बरं वाटत नाही.

तुझा,
दादा


आइत मूसा,
३ एप्रिल १९९४

ती. दादास,
सलाम वि. वि.

अक्षर बदललेलं दिसेल. हे मशिदीतल्या फकीहांनी लिहिलंय, कारण आमची लेखनिक तारुदांतात आहे.

ईद झाल्यावर तिला सोडून आले. लल्ला अब्बूशनं खिडकीपाशी बिछाना दिलाय. पहिल्या चाचणीत वर्गात दुसरी आली. शनिवारी दुपारी हाजच्या दुकानाची गाडी तिला सोडून जाते, रविवारी सकाळी ती बाजाराच्या ट्रकनं परत जाते. मध्ये एक रात्र मिळते. फटफटी बदामाच्या झाडाखाली आहे. कोंबड्यांनी सीटवर अंडी घालायला सुरुवात केलीय. हे रोज फडक्यानं पुसतात. मी काही बोलत नाही. हाजला तर आता जन्मभर काही बोलता येणार नाही. माझी पोर रोज त्याच्या ताटात जेवते.

काल ती आली. बरी दिसतेय, गालांवर रंग आलाय. मी तिच्या आवडीचं अंडी-टोमॅटोचं ताजीन केलं होतं. हे बसले, धाकटी भावंडं बसली. ती हात धुऊन आली आणि ताटापाशी उभी राहिली. हे म्हणाले, काय गं, काय झालं? तिनं माझ्याकडे बघून विचारलं, आई, बसू का?

ह्यांना हसू आलं. मी तिला बस म्हटलं.

फकीह विचारतायत, आणखी काही लिहू का. काही नाही. वहिनीला सलाम, मुलांना मुके. लोभ ठेव.

तुझी,
कल्तूम