टकरी कितीशा वाढतात

९ डिसेंबर १९७८
एस. वाय.चे प्रॅक्टिकल. थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल ओतायचे, ते गढूळ होऊन फ्लास्कखालच्या कागदावरची फुली दिसेनाशी होईपर्यंत सेकंद मोजायचे. थंडी अशी, की पाणी तीस अंशांवर आणण्यातच अर्धा तास. तीसला चौऱ्याऐंशी सेकंद, चाळीसला एक्केचाळीस. सुनंदाने विचारले, "सर, दहा अंशांत वेग दुप्पट कसा?" नेहमीचे सांगितले: रेणू जोरात धावतात, टकरी दुप्पट होतात. तिला पटलेले दिसले नाही.

११ डिसें.
सुनंदा स्टाफरूमच्या दारात. "सर, वायू धरून हिशेब केला. तीनशे केल्व्हिनवरून तीनशेदहा. टकरी शेकड्याला दोनसुद्धा वाढत नाहीत."
गणित बरोबर. "बघून सांगतो" म्हणालो. एम. एस्सी.ला हे शिकलो होतो. मग?

१२ डिसें.
पुस्तक काढले. बहुतेक टकरी फुकट जातात. रेणू फुटून नवे जुळावेत इतक्या जोराच्या थोड्याच. दहा अंशांत त्या जवळपास दुप्पट होतात. नोट्समध्ये नेमके हेच मी गाळले. सोपे व्हावे म्हणून, की आळसाने? बारा वर्षे त्याच डिक्टेट करतोय. सायक्लोस्टाइल प्रती दिंडोरी-चांदवडपर्यंत गेल्यात.

१३ डिसें.
वर्गात सांगितले: माझ्या नोट्समध्ये चूक आहे, सुनंदाने दाखवली. मागून कुणीतरी, "परीक्षेत कुठलं लिहायचं सर, चुकलेलं का बरोबर?" सगळे हसले. मीही. बरोबर तेच लिहा म्हणालो. घरी ही म्हणाली, "चूक निघाली आणि एवढे खुशीत?"

२० मार्च १९७९
प्रॅ. परीक्षा. बाहेरचा परीक्षक विलास. माझाच जुना विद्यार्थी, आता चांदवडकडे शिकवतो. सुनंदाला तोंडी परीक्षेत तोच प्रश्न. तिने नीट सांगितले.
"टकरी दुप्पट होतात, एवढंच म्हण," विलास म्हणाला. "तुमच्या सरांच्याच नोट्समध्ये आहे."
तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. "सरांनी ते खोडलंय. नसतं खोडलं, तरी टकरी दोन टक्केसुद्धा वाढत नाहीत."
खुर्चीत ताठ बसलो. असे उत्तर या प्रयोगशाळेत प्रथमच ऐकले. पण परीक्षकाच्या मध्ये बोलायचे नाही हा माझा नियम. की भित्रेपणा?
चहाला विलासला सगळे सांगितले. त्याने कप बशीत ठेवला. "सर, मीही पाच वर्षं हेच शिकवतोय."
तिचे गुण त्याने चहाआधीच भरले होते. किती, विचारणे बरे नव्हे. यादी पाकिटात घालताना थांबला, तिच्या नावाची ओळ पुन्हा पाहिली. "सर, तुमचं पेन द्या जरा."
दिले, आणि लांब बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिलो.