पोर्टलवरच्या हिरव्या खुणा

बाबा, तुमच्याइतका संशयी मास्तर मी दुसरा पाहिला नाही, आणि आता लोक माझ्याबद्दल तेच म्हणतात. रामपायलीच्या शाळेत मी तुमच्याच वर्गात होते. भागाकार समजला का, असं तुम्ही विचारलंत आणि सगळ्यांबरोबर मीही हौ म्हटलं. तुम्ही नेमकं मलाच फळ्यापाशी बोलावलंत. खडू हातात धरून मी नुसती उभी. "हौ म्हनायले काही लागत नाही पोरी," तुम्ही म्हणालात, "करून दाखव." घरी येऊन मी आईजवळ रडले, आणि तुम्ही ओसरीवर बसून खुशाल चहा पीत होतात. फार राग आला होता तुमचा.

आता मी बालाघाटात एका खासगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. निम्मा अभ्यास ऑनलाइन चालतो. मी व्हिडिओ आणि चाचण्या कॉलेजच्या पोर्टलवर टाकते, मुलं फोनवर बघतात, आणि ज्याने पूर्ण बघितलं त्याच्या नावापुढे हिरवी खूण येते. शिक्षिकेच्या खुर्चीतून फार गोड दिसतं ते, सगळा वर्ग धानाच्या बांधीसारखा हिरवागार. पण दुसऱ्या एका पोर्टलवर मी स्वतः विद्यार्थिनी आहे, कारण कॉलेजने आम्हाला प्रशिक्षणाला बसवलंय. ते जास्त चतुर. व्हिडिओ मध्येच थांबवून विचारतं, तुम्ही आहात ना? मी भाताची पेज काढता काढता ओल्या बोटाने हो दाबते. चाचणीची उत्तरं तर आधीच्या तुकडीतल्या मैत्रिणीने आयतीच पाठवली होती. तेव्हापासून कुणाच्याही हिरव्या खुणेवर माझा विश्वास बसत नाही.

या सत्रात बिरसा गावाकडच्या तीन मुलींवर माझी नजर होती. तिघी एकाच खोलीत भाड्याने राहतात. एकीचं सगळं हिरवं, उरलेल्या दोघींनी पोर्टल उघडलेलंसुद्धा नाही, आणि तरी वर्गातल्या चाचणीत तिघींची उत्तरं सारखी. मी म्हटलं, दाल में काला आहे. ऑनलाइन कामाचे गुण नसले तर त्या दोघींना परीक्षेला बसता येत नाही, म्हणून तिघींना बोलावून घेतलं. दोघींपैकी एक खाली बघत म्हणाली, "मैडम, फोन एक ही है. हम तीनों साथ में बैठकर देखते हैं."

मला तेही खरं वाटेना. तुमचीच पोर ना मी. दोघींना वेगवेगळं उभं केलं आणि हृदयातून रक्त कसं फिरतं ते काढून दाखवायला सांगितलं. एक मध्येच अडली, पुसलं, पुन्हा काढलं, बरोबर काढलं. दुसरीने तर हात हलवून हलवून सगळं हिंदीत समजावलं, जणू मीच वर्गात बसलेय. बाबा, मला लाज वाटली आणि आनंदही झाला, दोन्ही एकदमच.

मी प्राचार्यांकडे गेले. दोघींना येतं, मी स्वतः विचारून पाहिलंय, गुण द्या, म्हटलं. ते हसले. "पोर्टल झूठ नहीं बोलता, मैडम. आपका ही देख लीजिए, पूरे स्टाफ में अव्वल." आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे माझं प्रमाणपत्र लावलंय. त्या प्रशिक्षणातला एक धडा मला धड सांगता येणार नाही. हे मी तिथल्या तिथे सांगितलं असतं तर त्यांच्या पोर्टलची काय किंमत राहिली असती? पण माझी नोकरी दरवर्षी नव्याने ठरते. मी बरं सर म्हणून बाहेर आले. दोघी व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांना मी सांगितलं, बघते.

गुण पाठवायची मुदत उद्या संपते. तुम्हाला हे सगळं सांगायला सोपं जातंय, तुम्ही काही मला कामावरून काढणार नाही. उद्या पुन्हा जाऊन प्राचार्यांना खरं काय ते सांगायचं ठरवलंय. पण बाबा, दुसऱ्यांचं सोडा, माझा माझ्यावरच भरवसा नाही.