दूध दाटलं नव्हतं

प्रिय वैशू,

आज तुझ्या मृत्यूची चौकशी करायला मानोऱ्याहून आरोग्य खात्याचे साहेब आले होते. बाळंतीण गेली की येतातच. मी गावची आशा कार्यकर्ती आणि तुझी थोरली जाऊ, म्हणून पहिला प्रश्न मलाच. छातीत दुखतं असं तिनं सांगितलं होतं का? मी म्हटलं, "नाही. तिनं काहीच सांगितलं नाही." तेव्हापासून घास उतरला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

तू तीनदा सांगितलं होतंस गं!

पहिल्यांदा सकाळी. बाळंत होऊन बारावा दिवस. मी घरात आहे म्हणून तर तुझ्या आईनं पहिलं बाळंतपण इथं होऊ दिलं होतं. मी म्हटलं, दूध दाटलं असेल, आणि गरम फडक्यानं शेकायला बसले. दुपारी तू म्हणालीस, "ताई, दुधाचं नोय हे. डावा हात बी भरून येऊन राह्यला." पोरगं तर पोटभर पिऊन शेजारीच झोपलं होतं. दूध दाटलं असतं तर ते प्यायलं कसं असतं? बायकांना धोक्याची लक्षणं समजावत घरोघरी फिरणारी मी, मला एवढंही सुचू नये?

संध्याकाळी पुन्हा तेच सांगत तू माझा पदर धरलास. मी तो सोडवला. "लेकरू सर्वायलेच होते, तुह्यंच काय नवाईचं?" खरं सांगू? माझ्या बाळंतपणात मला कुणी शेकलं नव्हतं, त्याचा राग होता तो. तू गप्प झालीस. का ऐकलंस माझं? नवऱ्याला हाक का नाही मारलीस?

दुसऱ्या दिवशी तुला अकोल्याला नेलं, पण तू वाचली नाहीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या रक्तवाहिनीचा आतला पापुद्रा सुटला आणि रक्ताची वाट बंद झाली. तरुण बाईला बाळंतपणानंतर असं क्वचित होतं, पण कालच आणायला हवं होतं. मी त्यातलं 'क्वचित' तेवढं सगळ्यांना सांगत फिरले.

आज कामरगावहून तुझी आईही आली होती. माझं उत्तर ऐकून तिनं माझ्यापुढे हात जोडले. "माही पोरगीच घुमी. तुमाले बी सांगतलं नाही तिनं." साहेबांनी ते लिहून घेतलं. मी मान डोलावली.

वैशू, उद्या पहिल्या जीपनं कामरगावला जाते, मग मानोऱ्याला जबाब बदलायला. काम गेलं तर जाईल. तुझी आई तोंडावर थुंकली तरी पुसणार नाही. तुमची पोरगी घुमी नव्हती, ती सांगत होती आणि मी तिला गप्प केलं, एवढं तुझ्या आईला सांगूनच परत येईन.

तुझी,
सुनंदाताई