कोल्ह्याचा पेला

पप्पा, आज सकाळी तुमचा कोल्हा कपाटातून काढला. तुम्ही गेल्यापासून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवला होता, चांदी पार काळी पडली होती. टूथपावडरनं घासला, तुम्ही घासायचात तसाच, आधी कान.

घोड्यांची तुम्हाला केवढी भीती! वसईत टांगा दिसला तरी रस्ता बदलणारा माणूस, आणि पोटासाठी नोकरी धरलीत ती इकडे आखातात, वाळवंटाकडेच्या रायडिंग क्लबात. थंडीत साहेब लोक स्वारीला निघायचे, आणि खोगिरावर बसलेल्या एकेकाला वाईनचा घोट द्यायचं काम तुमचं. त्यांच्या मुलखातल्या कोल्ह्याच्या शिकारीची रीत. इथे वाळूत कोल्हा कुठला, जीपमागे कोल्ह्याच्या वासाचं फडकं ओढायचे आणि कुत्रे-घोडे त्याच्यामागे पळवायचे. पेले मात्र खरे, त्यांच्या पणजोबांच्या वेळचे, चांदीचे, कोल्ह्याच्या मुंडीचे आणि बूड नसलेले. क्लब बंद झाला तेव्हा एका म्हाताऱ्या साहेबानं त्यातला एक तुम्हाला दिला.

मग आपल्या शारजाच्या घरातही रीत पडली. एअरपोर्टला निघणाऱ्यानं बॅग खांद्याला लावून, दारात उभं राहून, त्यातून लिंबू सरबत प्यायचं. मी कॉलेजसाठी मुंबईला निघाले तेव्हा अर्धं पिऊन पेला चपलांच्या रॅकवर ठेवायला गेले आणि तो लवंडला. काय ओरडलात तुम्ही! "खाली ठेवायचा नाही. संपवायचा आणि देणाऱ्याच्या हातात द्यायचा. घोड्यावर टीपॉय असतो काय?" मग स्वतःच हसत सुटलात. असा पेला परत करून गेलेला माणूस परत येतो, हे तुमचं ठाम मत. आम्ही सगळे आलोही.

तुमचा व्हिसा खलास झाला, तुम्ही कायमचे वसईला निघालात, तेव्हा पेला मी धरला. तुम्ही एका दमात संपवून माझ्या हातात दिलात. सगळं रीतीप्रमाणे झालं, तरी तुम्ही परत आला नाहीत, तिकडेच गेलात. मला राग आला होता पप्पा, तुमचा आणि त्या पेल्याचाही.

आज तुमची नात शिकायला कॅनडाला निघाली. दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधलं हे भाड्याचं घर. ती येईपर्यंत आम्ही तरी इथे असू का, देव जाणे. पेला काढू की नको, असं कालपासून चाललं होतं. पण पोरीला दारातून तशीच कशी जाऊ देऊ?

"ममा, इट्स सो क्रीपी," म्हणाली, पण प्यायली. अर्धंच. तिचे डॅडी सामान घेऊन खाली गेले होते, टॅक्सीवाल्याचा फोनवर फोन, "मॅडम, जल्दी, ट्रॅफिक है." तिनं पेला माझ्या हातात दिला. "बाकीचं मी आल्यावर. होल्ड इट फॉर मी, ओके?" हसली आणि लिफ्टमध्ये शिरली.

दोघं एअरपोर्टला पोचले असतील आता. तुमचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, त्यावरच हे टाइप करतेय, एका अंगठ्यानं. पाठवणार नाही, तो नंबर आता कुणा दुसऱ्याचा असेल. दुसऱ्या हातात पेला आहे, अर्धा भरलेला. सरबत ग्लासात ओतून ठेवता येईल, एवढं मला कळतं पप्पा. पण हात मोकळा करावासा वाटत नाही.