मागच्या दाराचं कुलूप

३ फेब्रुवारी
कारखान्यात साहेबांनी आज माझ्यासमोरच बाबांना फर्मावलं — "शर्ट चोरीला जातायत. शिलाई चालू असताना मागच्या दाराला कुलूप घालायचं." बाबा मान खाली घालून, "जी साहेब." राखणदाराने दुसरं काय म्हणायचं? पण आत एवढ्या बायका! आणि मी, घरातली पहिली शिकलेली, ऑफिसात खुर्चीवर बसणारी — माझ्या तोंडून ब्रही निघाला नाही.

४ फेब्रुवारी
काजं करणारी मावशी साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोंबड्या का आम्ही, डालून ठेवायला?" मग माझ्याकडे वळून — "तू तरी बोल ग! तुझा बाप म्हणजे नुसता नंदीबैल." सगळ्या हसल्या. मी डबा तसाच बंद केला.

९ फेब्रुवारी
डब्याच्या सुट्टीत लिहितेय. मागच्या अंगणात गेले तर दाराची कडीच घातलेली नाही! कुलूप नुसतं कोयंड्यात लटकवलेलं. लांबून बंदच दिसतं. बाबा हल्ली विसरतात — चष्मा, छत्री, आता हे. साहेबांनी पाहिलं असतं तर? इकडेतिकडे बघून कडी घातली, कुलूप दाबलं. बाबांना सांगणार नाही. उगाच ओशाळतील.

१२ फेब्रुवारी
लिहवत नाही.
मी कुलूप दाबलं त्याच दुपारी पुढच्या दाराजवळ, इस्त्रीच्या टेबलापाशी आग लागली. बायका मागच्या दाराकडे धावल्या. बाबा पुढच्या फाटकातून ओरडत होते — "ढकला! उघडंच आहे, ढकला!" दार हलेना. मग किल्ली घेऊन पळत गेले.
बाकीच्या वाचल्या. मावशी गेली.

१३ फेब्रुवारी
पोलीस जबाब घ्यायला आले. बाबा म्हणाले, "कुलूप मीच घातलं. कोणी सांगितलं नव्हतं." साहेब शेजारीच, रुमालाने कपाळ पुसत. उद्या बाबांना चौकीवर बोलावलंय.
घरी मी रडत सगळं सांगितलं. बाबांनी माझे डोळे पुसले. मग — "विसरलो नव्हतो ग. पहिल्या दिवसापासून तसंच ठेवत होतो. तोंडाने जी म्हणायचं, आणि..."
नंदीबैल! मावशी, तुला हे कळायला हवं होतं.
मग बाबा म्हणाले, "आता तू गप्प राहायचं. तुझं नाव निघायला नको. माझी शपथ आहे तुला."

१४ फेब्रुवारी
बाबांच्या आधी चौकीवर आले. बाकावर बसलेय. आत बोलावलं की सांगणार — हुकूम साहेबांचा, हात माझा.
बाबा चौकीच्या फाटकाशी आलेत. मान हलवतायत — नको, नको.
साहेबांना मी कधी नाही म्हटलं नाही. बाबांना म्हणतेय.