गाडी तेल खाते असं मिस्त्री म्हणतो

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून गाडीकडे स्वतः लक्ष द्यायचं ठरवलं. बॉनेट उघडून तेल मोजायची सळई काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली. मागच्या महिन्यातच तर भरलं होतं. सळई पुसून पुन्हा बुडवली. तेवढंच. मग जरा जोरात बुडवली. तेवढंच.

गाडीखाली वाकून पाहिलं. जमीन कोरडी, एक थेंब नाही. मग तेल गेलं कुठे? हा विचार डोक्यातून जाईना.

वाकलेलं सरळ व्हायला वेळ लागला. ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. म्हणाली, अहो, काय हरवलंय? म्हटलं, काही नाही. उगाच घाबरवायचं नाही. तिला आधीच तिच्या ताईची काळजी. ताईच्या फुप्फुसात पाणी झालंय. घाटापलीकडे असते, गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता. हिला भेटायला जायचंय. मी शब्द दिलाय, आपल्या गाडीतून मीच नेणार. तेलाचं तेवढं मार्गी लागलं की निघायचं.

४ फेब्रुवारी
काल संध्याकाळी गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरा. सळईवर तेल आणखी कमी वाटलं. म्हणजे गळती नाही. गळती नाही तर दुसरं एकच कारण उरतं. कोणीतरी काढून नेतंय.

बॉनेटला साखळी आणि कुलूप लावलं. हिने विचारलं, तेल कोण चोरील हो, तेही वापरलेलं? म्हटलं, आजकाल लोक काय काय चोरतात तुला ठाऊक नाही. ती म्हणाली, मग पेट्रोल का नाही नेत? मी कुलपाची चावी खिशात टाकली. सगळ्याच गोष्टी बायकांना समजावत बसलं तर कामं होत नाहीत.

६ फेब्रुवारी
मिस्त्रीकडे गेलो. कुलपाची चावी सापडेना, त्यामुळे आधी साखळी कापावी लागली. चोरासाठी लावलेली साखळी मिस्त्रीनेच कापली आणि वर विचारलं, काका, गाडी पळून जाते की काय?

त्याने एक्सलेटर दाबला. मागून निळा धूर आला, एवढा की शेजारचा चहावाला टपरीचं फडकं हलवत बाहेर आला. मिस्त्री केळं खात खात इंजिन ऐकत होता. म्हणाला, काका, कोणी चोरत नाही, गाडीच तेल खाते. म्हातारी झाली की खातात. रिंगा झिजल्यात. तेल वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. हाफ इंजिनचं काम निघेल, खोलावं लागेल, पंधरा दिवस ठेवून जा. म्हातारी म्हणताना माझ्याकडे बघायची काय गरज होती कळलं नाही.

विचारलं, घाट चढेल का? तो म्हणाला, चढेल हो, परत यायची हमी मी देत नाही.

या माणसाने मागच्या वर्षी बॅटरी गेली म्हणून सांगितलं होतं. निघाली वायर सैल. मी सातवीपर्यंतच शिकलो असेन, पण तीस वर्षं पाण्याच्या पंपावर काढली आहेत. नुसत्या आवाजावरून सांगायचो, कुठला पंप कुरकुरतोय. मला यंत्र शिकवायचं नाही.

शिवाय पंधरा दिवस गाडी त्याच्याकडे ठेवली तर हिला ताईकडे नेणार कशातून? हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

८ फेब्रुवारी, दुपार
उपाय सापडला. पातळ तेल फटीतून वर चढतं, तर जाड तेल घालायचं. काल दुकानातलं सगळ्यात जाड तेल आणून ओतलं. दुकानदार म्हणाला, हे ट्रकला घालतात. म्हटलं, मग उत्तमच.

सकाळी गाडी सुरू होताना कण्हल्यासारखा आवाज आला. सवय नाही म्हणून असेल. धूर कमी झाला. निदान आरशात दिसला नाही. मागची काच काळी पडलीय, ती पुसायला हवी.

भाच्याचा, म्हणजे ताईच्या मुलाचा, फोन आला होता. ताई फारसं खात नाही, रोज हिची आठवण काढते. फोन ठेवून ही पलंगावर बसली. मग म्हणाली, बसने जाऊ या ना. म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, बसच्या पायऱ्या चढशील कशी? ती म्हणाली, हातांनी. हे काय उत्तर झालं.

मला काळजी वाटते म्हणून सांगतो, तर कोणाला पटत नाही.

१० फेब्रुवारी
चिरंजीवांचा फोन. नेमकी ही आंघोळीला गेली होती. म्हणाले, बाबा, रविवारी मी येतो, आईला माझ्या गाडीने मावशीकडे नेऊन आणतो, तिकडे तसं कळवलंय. तुम्हीही चला, मागे बसा.

मागे बसा. वीस वर्षं ज्याला शाळेत, दवाखान्यात, परीक्षेला नेलं, तो आता मला मागे बसवणार. त्याच्या मनात काय आहे ते कळतं मला. एकदा ही त्याच्या गाडीत बसली की म्हणणार, बघा बाबा, काही अडलं का? द्या आता ती भंगारात. मागे पाहुण्यांसमोर म्हणाला होता, बाबांच्या गाडीमागून यायचं तर नाकाला रुमाल बांधावा लागतो. सगळे हसले. मीही हसलो.

म्हटलं, नको, आमचं ठरलंय. तसं काही ठरलेलं नव्हतं, पण ठरणारच होतं.

हिने विचारलं, कोणाचा फोन? म्हटलं, त्याचाच. रविवारी त्याला काम आहे म्हणे. ती म्हणाली, बिचारा. खोटं असं नव्हे. त्याला कामं असतातच.

१२ फेब्रुवारी, रविवार
घरीच. दिवसभर करमलं नाही. एक-दोनदा गाडी सुरू करून बंद केली. सळईवर तेल पुन्हा खालीच.

१३ फेब्रुवारी
मोठी बातमी. तेल परत आलं.

झालं असं. समोरच्यांकडे वाळूचा ट्रक आल्यामुळे नेहमीच्या जागी गाडी लावता येईना. उतारावर लावली, तोंड खाली करून. तासाभराने सहज सळई बघितली तर तेल वरच्या खुणेला टेकलेलं. पुन्हा पुसून पाहिलं. टेकलेलंच. डोळ्यांत पाणी आलं.

विचार केल्यावर उलगडा झाला. जाड तेल आत भिंतींना चिकटून बसलं होतं, ते सावकाश खाली उतरलं. इतके दिवस गाडी चुकीच्या जागी उभी राहत होती, एवढंच. आता कायम उतारावरच लावायची.

मिस्त्रीला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो हसत सुटला. म्हणाला, काका, सगळं तेल पुढे सळईपाशी जमा झालंय, ताट तिरकं केल्यावर आमटी कडेला जमते तसं. सपाटीवर लावून बघा. मी फोन ठेवला. सपाट रस्ता असतो कुठे हल्ली?

हिला सांगितलं, शनिवारी निघायचं. तिने लगेच कपाटावरची बॅग काढली. ताईला हिची विटकी निळी शाल आवडते, ती घडी करून वर ठेवली. खूप दिवसांनी बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी
बाजारात जाऊन आलो. चढावर तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. उतारावर विझतो. म्हणजे वायर सैल. चढावर मागे सरकते, उतारावर पुढे येते. बॅटरीचंही तसंच निघालं होतं.

तरी तो दिवा लागला की नजर तिकडेच जाते. काही कारण नसताना. घाटात हिने पाहिला तर ती सारखी विचारत राहील आणि माझं लक्ष उडेल. औषधाच्या डब्यातली जखमेवर लावायची चिकटपट्टी आणून दिव्यावर लावली. आता शांत वाटतं.

हिने विचारलं, इथे काय लागलं? म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतो. ती पट्टीकडे बघत राहिली.

१७ फेब्रुवारी
भाच्याचा फोन. ताईला ऑक्सिजन लावला. जमेल तितक्या लवकर या म्हणाला. म्हटलं, उद्या निघतोच आहोत, काळजी करू नका.

संध्याकाळी ही चिरंजीवांशी बोलत होती. माझ्या कानावर एवढंच आलं, तू रविवारी येणार होतास? मग बराच वेळ नुसती ऐकत होती. फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली, दिवा न लावता भांडी घासली. मला वाटलं आता भांडेल. भांडली नाही. जेवायला वाढलं, पाणी ठेवलं, गोळ्या दिल्या.

बोलली असती तर मीही माझी बाजू सांगितली असती. बाजू आहे माझी.

१८ फेब्रुवारी, सकाळ
निघतो आहोत. उतारावरच सळई पाहिली, तेल भरपूर. तेलाचा डबा घेत होतो, पण मागे बॅग, पाणी, तिची चालायची काठी. डबा घरीच ठेवला. भरल्या इंजिनात आणखी ओतणं बरं नव्हे.

ही मागच्या सीटवर बसली. म्हटलं, पुढे ये की. म्हणाली, पुढे वास येतो.

त्याच दिवशी, दुपार
घाटात आहे. लिहायला वेळ आहे म्हणून लिहितो.

पायथ्यापर्यंत गाडी छान आली. चढ लागला आणि चिकटपट्टीच्या कडांतून लाल उजेड झिरपायला लागला. मी नजर रस्त्यावर ठेवली. मागचे ट्रकवाले हॉर्न देऊन पुढे जाताना हातवारे करत होते. एकाने धुराकडे बोट दाखवलं. मी हात हलवून आभार मानले.

मग टकटक सुरू झाली. आधी लांबून, कोणी शेजारच्या घराचं दार वाजवावं तशी. मग जवळून. ही मागून म्हणाली, अहो, थांबवा. म्हटलं, वळणावर कशी थांबवणार? पुढे म्हणाली, तुम्ही पंपावर होतात ना, हा कसला आवाज आहे? मी म्हटलं, चढाचा.

पुढच्या वळणाआधी टकटक थांबली. सगळंच थांबलं. किल्ली फिरवली की नुसता कट् असा आवाज.

ही खाली उतरली, कठड्यावर बसली. किती वेळ लागेल विचारलं. म्हटलं, थंड झाली की होईल सुरू. तिने तीनदा विचारलं आणि मी तीनदा हेच सांगितलं. मग वर जाणारी बस आली. मला वाटलं ही पदर सावरतेय. तिने हात दाखवला होता.

बस थांबली. कंडक्टरने बॅग घेतली. ही दोन्ही हातांनी दांडा धरून, आधी चांगला पाय, मग दुखरा, अशी चढली. कोणीतरी जागा दिली. मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, मी मागोमाग येतोच. ती म्हणाली, नका येऊ, गाडीजवळ थांबा. कोणी तेल चोरील.

खिडकीतली बाई हसली. ही हसली नाही.

गाडी अजून गरम आहे. बॉनेटवर हात ठेवला तर भाजतं. थंड झाली की सुरू होईल.

१९ फेब्रुवारी
टोइंगवाल्याने गाडी मिस्त्रीकडे आणली. मी त्याच्या शेजारी बसून आलो. आरशात आपलीच गाडी उलटी लटकून मागे येताना बघणं बरं नाही.

मिस्त्रीने इंजिनखालचा बोल्ट काढून भांडं धरलं. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. चमचाभर काळं काहीतरी पडलं. म्हणाला, काका, आतलं सगळं एकमेकाला चिकटून एक झालंय. आता रिंगा वगैरे काही नाही, इंजिनच गेलं. मग स्टेअरिंगपुढे वाकून म्हणाला, ही पट्टी काढू का, की जखम भरायची आहे?

एरवी मी सुनावलं असतं. हिचा फोन येत नव्हता, म्हणून मन ठिकाणावर नव्हतं. मी केला तर उचलत नाही. तिकडे रेंज नसेल.

२० फेब्रुवारी, सकाळ
हिचा फोन आला. ताई पहाटे गेली.

ही पोचली तेव्हा ताई शुद्धीत नव्हती. हिने रात्रभर हात धरून ठेवला, पण ओळख पटली असं वाटलं नाही. भाचा म्हणाला म्हणे, रविवारी छान बसली होती, चहा घेतला, माझी बहीण येणार असं म्हणत सुनेकडून वेणी घालून घेतली होती. ही हे सगळं अगदी शांतपणे सांगत होती. बातम्या वाचाव्यात तसं.

म्हटलं, मी येतो. ती म्हणाली, कशाने?

मी खिडकीतून उतारावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. ती म्हणाली, मुलगा दुपारी निघतोय मला आणायला. मी काही दिवस त्याच्याकडेच राहीन. औषधं फ्रीजवर आहेत.

संध्याकाळ
तिकडे जायला मुलाला आपल्याच घरावरून जावं लागतं. स्वच्छ सदरा घातला, बॅग भरली, फाटकाशी जाऊन उभा राहिलो. मागे बसायचं ठरवलं होतं. एवढ्यातेवढ्यावरून मानपान धरून बसण्यात अर्थ नाही, आपणच समजून घ्यावं. पाय दुखले तेव्हा बॅगेवर बसलो.

ऊन उतरल्यावर समोरच्यांनी विचारलं, कोणाची वाट बघताय? मुलगा यायचाय, म्हटलं. ते म्हणाले, तो मघाशीच गेला की, तुमच्यासमोरून.

माझी मान तेव्हा खाली असेल. त्यालाही घाई असणार. नवी गाडी आहे त्याची, आवाज नाही, धूर नाही. कधी गेली कळतही नाही.